पेटीला घाम येऊ द्या

पद्मजा शाळेतून घरी आली तेव्हा ओसरीवर हिमालय उभा होता.

वर निळं आकाश, खाली बर्फाची शिखरं, शिखरांच्या पायथ्याशी तळं आणि तळ्यात मानेला मान लावून बसलेले दोन हंस. आकाशात ‘हिमकूट’ अशी ठसठशीत अक्षरं. तळ्याखाली, ‘ना वीज, ना बर्फ, तरी थंडगार’. सगळं मातीच्या पेटीवर, तेलरंगातलं. जवसाच्या तेलाचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता.

“कसं वाटतंय, ताई?” तिच्या भावाच्या कंपनीतल्या भागीदारानं, सिद्धलिंगप्पानं, विचारलं. तो पेटीशेजारी नवऱ्या मुलीच्या भावासारखा उभा होता. “नाटकाचे पडदे रंगवतो ना, त्याच्याकडनं करून घेतलंय. बर्फ बघितला की माणसाला आधीच गार वाटतंय.”

पद्मजानं छत्री मिटून खुंटीला अडकवली. मग पेटीला बोट लावलं. बोट निळं झालं.

“चारी बाजूंना रंग दिलाय?”

“चारी काय, तळालाबी दिलाय. कंपनीचं काम हाय की. अर्धवट कशाला सोडायचं?”

पद्मजाला ओरडता येत नसे. राग आला की तिची वाक्यं आखूड होत आणि आवाज खाली जाई. त्यामुळे ती रागावली आहे हे घरात सहसा कुणाला कळतच नसे.

“रंग काढा,” ती म्हणाली.

“काढा म्हणजे?” आतून तिचा भाऊ वेणीमाधव आला. “उद्या मिलचे अण्णाराव पेटी बघायला येणार, आणि रंग काढा?”

“दादा, पेटीला घाम यायला हवा. रंगातून घाम येत नाही.”

“थोडा येईल की.”

“नाही येणार.”

“पद्मे, तुझं हे असं. आधी वाईट काय ते बघायचं.”

पेटीची गोष्ट खरं तर सोपी होती. माठातलं पाणी गार का होतं हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वारा उडवून नेतो, आणि जाताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. पद्मजानं मडक्याऐवजी दुहेरी भिंतींची चौकोनी पेटी केली, एवढंच. दोन भिंतींच्या मधे पाणी, आत कोरडी जागा, वर झाकण. आतली भिंत पाणी न सोडणारी, बाहेरची मुद्दाम पाझरणारी. बाहेरचा वारा जितका कोरडा, तितकी आतली जागा गार. आणि चैत्र-वैशाखात कोरड्या वाऱ्याची सोलापूरला ददात नव्हती.

ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. वर्गातल्या मुलींना घेऊन ती मागच्या वर्षी एका मिलचं पाळणाघर दाखवायला गेली होती. बायका साच्यावर, म्हणजे यंत्रावर, कामाला आणि त्यांची तान्ही मुलं तिथं झोळ्यांत. सकाळी आलेलं दूध दुपारच्या भोंग्यापर्यंत आंबायचं आणि तरी तेच पाजलं जायचं, कारण दुसरं नसायचं. तिथल्या आयानं, सोजरबाईनं, झोळीला झोका देता देता सांगितलं होतं, “उन्हाळ्यात पोरं हगवणीनं लई बेजार व्हत्यात, बाई. रत्नम्माचं तर गेलंच की.” झोका थांबला नव्हता. पद्मजा घरी आली आणि कागद घेऊन पेटीची आकृती काढत बसली.

त्यानंतरची अडचण एकच होती. जो तो तिला मदत करायला टपलेला होता.

पहिल्या दोन पेट्या महिपती कुंभारानं घोटून घोटून आरशासारख्या केल्या. गळकी वस्तू आपल्या हातून बाहेर जाणार नाही, उद्या भाऊबंद तोंडात शेण घालतील, असं त्याचं म्हणणं. त्या पेट्यांतून थेंब बाहेर आला नाही. तिसरीच्या वेळी पद्मजा स्वतः कुंभाराशेजारी बसून राहिली, मातीत जास्तीची लीद मिसळायला लावली आणि घोटायचा दगड पदराखाली लपवला. ती पेटी जमली. दिसायला पोपडे आलेल्या भिंतीसारखी, एक कोपरा उडालेला, पण आतलं दूध संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं. चौथी तशीच केली, फक्त सरळसोट. चौथीचाच आता हिमालय झाला होता.

वेणीमाधवाला शोध लावायचा सोस होता. रेल्वेतली कारकुनी सोडून त्यानं सिद्धलिंगप्पाबरोबर कंपनी काढली. सिद्धलिंगप्पाच्या वडिलांचं बाजारात मोठं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत कंपनीची पाटी लागली. पायानं हलवायचा पंखा तिथंच जन्मला. त्यानं वाऱ्यापेक्षा घामच जास्त यायचा. मग ढेकणांचा सापळा आला, त्यात ढेकणांनी सुखानं संसार थाटले. एक शोध पुरा व्हायच्या आत त्याला दुसरा सुचायचा. सध्या त्याच्या टेबलावर घडीच्या पलंगाचे कागद दिसू लागले होते, आणि ते पद्मजानं पाहिले होते. उद्या अण्णारावांनी नाही म्हटलं, की हिमकूट माळ्यावर आणि पाळणाघराला आणखी एक उन्हाळा आंबलेल्या दुधाचा, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“मग तिसरी पेटी दाखवू,” ती म्हणाली.

“ते फुटकं डबडं? मिलवाल्यांपुढे?”

“त्यात दूध टिकतं.”

“ताई, दूध आत असतंय,” सिद्धलिंगप्पा समजुतीनं म्हणाला. “गिऱ्हाईक बाहेर असतंय.”

शेवटी तडजोड झाली. हिमालय दिवाणखान्यात आणि तिसरी पेटी मागच्या ओट्यावर, चार विटांवर, पश्चिमेचा वारा येतो तिथं. घरच्या दुधासाठी, असं वेणीमाधव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सोजरबाई पाळणाघराच्याच गवळ्याकडचं दूध घेऊन आली. पद्मजानं दोन चरव्या उकळत्या पाण्यानं धुतल्या आणि दूध दोहोंत सारखं ओतलं.

“दोन कशापायी?” सोजरबाईनं विचारलं.

“एक हिमालयात, एक मागं. दिवसभर ठेवायचं. मग बघू.”

सोजरबाईनं हंसांकडे बघितलं. “बदकं बेस काढल्यात.” मग ती मागं गेली आणि ओट्यावरच्या पेटीवर घोंगडी पांघरून आली. “ऊन लागंल न्हवं दुदाला.”

पद्मजानं घोंगडी काढून घडी घातली. “असू दे, सोजरबाई. तिला वारा लागायला हवा.”

“उगड्यावर ठिवायची?”

“उघड्यावर.”

“तुमी म्हनताय तर व्हय म्हनायचं,” असं म्हणून सोजरबाई निघून गेली. साहेबांबरोबर परत येते म्हणाली.

दुपारी पद्मजा शाळेतून चार फॅरनहाइट थर्मामीटर आणायला गेली. रविवार असूनही हेडबाईंनी शाळा उघडून दिली, पण ते फुटणार नाहीत असं तिच्याकडून तोंडी कबूल करून घेतलं. ती परतली तेव्हा दिवाणखान्याच्या दारांना नि खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले होते. पडद्यांवरून पाणी निथळत होतं. फरशीवर सडा. आत काळोख, गारवा आणि ओल्या वाळ्याचा वास. मधोमध हिमालय, आणि हिमालयावर वहिनींनी विणलेला क्रोशाचा रुमाल.

“वन्सं, बघा तरी कसं झालंय,” मालतीवहिनी कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. “माणूस उन्हातून येणार. बसल्याबरोबर निवायला हवं ना?”

“वहिनी, खोलीच गार केलीत.”

“मग? पाहुण्याला काय भट्टीत बसवायचं?”

“हवा ओली झाली, की पेटीतलं पाणी उडत नाही. पाणी उडालं नाही, की पेटी गार होत नाही.”

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी पडद्यावर आणखी एक तांब्या मारला. हात थांबला नव्हता, आणि दारात टांगा येऊन उभा राहिला होता.

अण्णाराव मिलच्या स्टोअरचे प्रमुख होते. देह मोठा, आवाज बारीक. मागोमाग सोजरबाई. अण्णाराव गादीवर टेकले, पागोटं काढून शेजारी ठेवलं, वाळ्याचं सरबत प्यायले आणि “आहाहा” म्हणाले. वेणीमाधवानं भाषण तयार ठेवलं होतं. त्यात परदेशी यंत्रं आली, स्वदेशी बुद्धी आली, हिमालय आला. मग सिद्धलिंगप्पानं जादूगारासारखा रुमाल उचलला.

“आत किती गार आहे?” अण्णारावांनी विचारलं.

वेणीमाधवानं पेटीतला थर्मामीटर काढून पडद्याच्या फटीशी धरला. “चौऱ्याऐंशी.”

“आणि या खोलीत?”

भिंतीवर पद्मजानं दुसरा टांगला होता. तो तिनंच वाचला. “चौऱ्याऐंशी.”

पडद्यावरून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

“म्हणजे खोलीइतकीच,” अण्णाराव म्हणाले. त्यांनी मागं रेलून खोलीभर नजर फिरवली. “पण खोली झकास झालीय हो. हे पडदे कुठले? मी म्हणतो पाळणाघराला हेच लावू. दूधही गार, मुलंही गार.”

“आमच्याच दुकानातले, साहेब,” सिद्धलिंगप्पा चटकन पुढं सरकला. “वाळा चांगला हाय. किती पाहिजेत?”

पद्मजानं त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच आनंदला होता. त्याच्या दृष्टीनं कंपनीचा माल नाही तर दुकानाचा, काहीतरी खपलं होतं.

एवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि नवऱ्याला खुणावू लागल्या. खूण कळेना, तेव्हा हळूच म्हणाल्या, “अहो, चहाला मघाशी या पेटीतलं दूध काढून घेतलं, ते फाटलं.”

“मग दुसरं घे.”

“दुसरं मागच्या पेटीत आहे.”

पद्मजा उठली. “अण्णाराव, जरा मागं चलता?”

“मागं कुठं?”

“ओट्यावर. उन्हात.”

“पद्मे, पाहुणे आहेत,” वेणीमाधव दबक्या आवाजात म्हणाला.

“पेटी उन्हावाऱ्यात चालते, दादा. पाहुण्याला सावलीत बसवून ती दाखवता यायची नाही.” मग ती अण्णारावांकडे वळली. आवाज खूपच खाली गेला होता. “पडद्यांनी खोली चौऱ्याऐंशीवर आली. त्याच खोलीतलं दूध आत्ता फाटलं. पाळणाघराला तुम्ही तेच घेताय. मागचं एकदा बघा. मग पडदे घ्या.”

अण्णारावांनी गादीकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, आणि माणूस ताटावरून उठावा तसे उठले. पागोटं मात्र नीट बांधून घेतलं.

मागचं दार उघडताच तव्याची धग तोंडावर यावी तसा वारा आला. डोळे मिचकावत सगळे ओट्यावर उभे राहिले. विटांवर ती पेटी बसली होती, कोपरा उडालेली, काळपट ओली. चारी अंगांनी बारीक थेंब फुटले होते आणि वारा ते पुसून नेत होता, पुन्हा फुटत होते.

“ही?” अण्णाराव म्हणाले.

“ही.” बाहेरच्या थर्मामीटरनं एकशे चार दाखवले. पद्मजानं झाकण उचलून आतला काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ धरला, मग लांब धरला.

“शहात्तर?”

“हात घालून बघा.”

त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि तो आतच ठेवला. कपाळावरून घाम गळत होता, पण हात काही बाहेर येईना.

“सायब,” सोजरबाई म्हणाली, “हात काडा आता. दुदाला बी वाईच गार राहू द्या.”

वहिनींनी शेगडी ओट्यावरच आणली. पेटीतली चरवी काढून दूध चढवलं. कुणी न सांगता सगळे पातेल्याभोवती गोळा झाले. दूध तापलं, त्यावर सुरकुती आली, कडेनं फेस धरला आणि एकदम वर आलं, एकसंध, पांढरं. वहिनींनी पातेलं उतरवलं. पद्मजाच्या लक्षात आलं की आपण मघापासून पदराचं टोक मुठीत पिळतो आहोत. तिनं ते सोडलं.

अण्णारावांनी चहा उन्हातच उभ्यानं घेतला. “चार पेट्या द्या,” ते म्हणाले. “वैशाख लागायच्या आत. अशाच.”

“अशाच,” पद्मजा म्हणाली.

“अशाच. फक्त एक. मिलच्या प्रत्येक वस्तूला हिरवा रंग आणि नंबर लागतो. स्टोअरचा नियम आहे, बाई. रंग नसेल तर माल आत घेता येत नाही.”

सिद्धलिंगप्पाचा चेहरा उजळला. “हिरवा? उद्याच देतो की.”

पद्मजानं डोळे मिटले. वारा तोंडावर आदळत होता. मग तिनं डोळे उघडले आणि पेटीखालच्या विटांकडे पाहिलं.

“पेटी विटांवर ठेवायचीच नाही,” ती म्हणाली. “लोखंडी तिवई करू. खालूनही वारा लागेल. तिवईला हिरवा रंग द्या आणि नंबर तिवईवर घाला. दोन्ही मिळून वस्तू एकच.”

अण्णारावांनी चहाचा शेवटचा घोट तोंडात घोळवला. “तिवईला नंबर म्हणजे पेटीला नंबर. चालेल.”

“पायांवर हंस काढले तर?” सिद्धलिंगप्पानं विचारलं.

“काढा. हवे तेवढे.”

अण्णाराव टांग्यात बसून गेले. वेणीमाधव त्यांना पोचवून परत आला तो पेटीभोवती फेऱ्या घालू लागला. त्याला ती आता बरी दिसू लागली होती, आणि हे लक्षण पद्मजाला ओळखीचं होतं. सिद्धलिंगप्पाही वाकून बघत होता.

“ताई, एक विचारू? झाकणाला घाम येतोय का?”

पद्मजानं झाकणावर हात फिरवला. झाकण जाड, भाजून पक्कं केलेलं, एकेरी. त्यात पाणी नव्हतंच. येतो म्हणाली असती तर प्रकरण तिथं मिटलं असतं. पण ती म्हणाली, “नाही. झाकणाला येत नाही.”

“मग झालं की,” सिद्धलिंगप्पा म्हणाला आणि वितीनं झाकण मोजायला लागला.