तिसऱ्या-चौथ्याची जोडी

रविवार, दिनांक ४ ऑक्टोबर २००९ रोजी सकाळी नऊ वाजता, नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावरील एका धर्मादाय छातीरोग रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, तिथली संगणकयंत्रे सांभाळणाऱ्या धनराज देवरे याने सहापैकी तीन सर्व्हरमध्ये साठवणुकीच्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीच्या सीड्या घातल्या आणि एकामागून एक तिन्ही बटणे दाबली.

रुग्णालयात निघणारा प्रत्येक एक्स-रे आणि प्रत्येक स्कॅन या सहा यंत्रांवर साठत असे. यंत्रे जोडीने काम करीत: एक आणि दोन, तीन आणि चार, पाच आणि सहा. कोणताही फोटो एका जोडीच्या दोन्ही यंत्रांवर सारखाच उतरे, त्यामुळे एक बिघडले तरी दुसऱ्यावरून ते भरून घेता येई. नवी आवृत्ती डिस्कवर निराळ्या पद्धतीने लिहीत असल्याने प्रत्येक यंत्र आधी पुसून कोरे करायचे आणि मग जोडीदाराकडून भरून घ्यायचे, असा क्रम होता. जोडीतले एक भरलेले असल्याखेरीज दुसरे पुसू नये, हा नियम धनराजने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावलेला होता. एका यंत्राला पाच तास लागत, म्हणजे सहांना तीस. आणि सोमवारी आठला तपासणी सुरू व्हायची. म्हणून त्याने विषम क्रमांकांची तिन्ही यंत्रे एकदम पुसायचे ठरवले होते. डॉक्टर ललिता शिरसाठ यांनी एकेक करा, हवे तर दोन-तीन रविवार घ्या, असे सुचवून पाहिले. पण वादात धनराजचा हात धरणारे त्या इमारतीत कोणी नव्हते. अर्ध्या तासाने बाईंनी मान डोलावली ती पटले म्हणून की थकल्या म्हणून, हे त्याने विचारले नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी, उरलेली तीन यंत्रे हजर आहेत ना, हे त्याने सहज पाहिले. पडद्यावर दोन, चार, सहा दिसायला हवे होते. दिसले दोन, पाच, सहा.

त्याने ते पुन्हा वाचले. एखादी वायर सैल झाली असेल असे स्वतःला समजावत तो रॅकच्या मागे गेला. वायर घट्ट होती. मग पुढे येऊन, पाचवा क्रमांक लावलेल्या खणातले यंत्र त्याने दोन्ही हातांनी अर्धे बाहेर ओढले. यंत्राच्या दर्शनी पत्र्यावर पूजेच्या हळदीकुंकवाची बोटे अजून लालपिवळी होती. बाजूच्या पत्र्यावर, यंत्र आले त्या दिवशी त्याने स्वतः शाईने लिहिलेला आकडा होता: चार.



आठवड्यापूर्वी खंडेनवमी झाली होती. दरवर्षी यंत्रांची पूजा खोलीतच होई. गोटीराम शिपाई झेंडूचा हार चढवी आणि उदबत्ती ओवाळी. यंदा धनराजने हरकत घेतली. धुराचा चिकटा पंख्यांवर बसतो, हे त्याने सगळ्यांना सविस्तर पटवून दिले आणि पूजा करायची तर यंत्रे व्हरांड्यात नेऊन करा, असा निकालच दिला. त्याप्रमाणे सहाही यंत्रे बाहेर गेली, फडक्याने लखलखीत झाली आणि गोटीरामने ती परत बसवली. चौथे पाचव्याच्या खणात गेले, पाचवे चौथ्याच्या. क्रमांकाच्या चिठ्ठ्या यंत्रांवर नव्हत्या, खणांच्या कडेवर होत्या. यंत्राच्या तोंडाशी गरम वाऱ्याने कागद टिकत नाही, म्हणून त्या तिथे धनराजनेच चिकटवल्या होत्या. बाजूचा आकडा रॅकमध्ये दिसत नसे. आठवडाभर काम बिनबोभाट चालले, कारण यंत्रे एकमेकांना नावाने ओळखतात, खणाने नव्हे. खणावरून ओळखणारा एकटा धनराज.

म्हणजे त्याने आज एक, तीन आणि चार पुसली होती. एकचा जोडीदार शाबूत होता. तीन आणि चार एकमेकांचे जोडीदार होते.

कोणता फोटो कोणत्या जोडीवर आहे, याची यादी त्याच्या टेबलावरच्या संगणकात होती. ती उघडण्याचे धैर्य त्याला होईना, आणि न उघडून बसवेना. त्याने एकच नाव शोधले: साळूबाई. दोन हजार सात, जून. जोडी: तीन-चार.

साळूबाई कळवणकडची, त्याच्याच गावची, नात्याने लांबची मावशी. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या फुप्फुसात डाग दिसला, तेव्हा फोटोची फिल्म घरी न्यायचा तिचा हट्ट होता. धनराजने तो मोडून काढला होता. चुलीच्या धुराने फिल्म काळी पडेल, इथे फोटो दोन-दोन ठिकाणी राहतो, तो कधीच हरवणार नाही, असे त्याने तिला सांगितले होते. काल शनिवारी ती एसटीने आली, नवा फोटो निघाला, डाग होताच. जुन्याशी ताडून पाहू, वाढला नसेल तर काही करायचे नाही, असे ललिताबाई म्हणाल्या होत्या. आणि मागाहून, फक्त धनराजला, की जुना फोटो आहे म्हणून बरे, सुई घालून तुकडा काढणे तिच्या कमकुवत फुप्फुसाला सोसेल याची खात्री नाही. तेव्हाच्या अहवालात ‘लहानसा डाग’ एवढेच होते, माप नव्हते.

यंत्रांच्या पुण्याच्या पुरवठादाराचा माणूस फोनवर शांतपणे म्हणाला की दोन्ही यंत्रे आत्ताच बंद करा, त्यांवर एक अक्षरही लिहू नका. प्रयोगशाळेत धाडल्यास महिन्याभरात काही निघाले तर निघेल, भरवसा नाही. धनराजने यंत्रे बंद केली. पंख्यांचा आवाज कमी झाला. 

गोटीराम चहा घेऊन आला आणि अर्धे बाहेर आलेले यंत्र पाहून दारातच थांबला.

“मी बसवलेला डबा चुकला का, साहेब?”

गोटीराम नऊ वर्षे हंगामीच होता, कायम झालेला नव्हता. दोष त्याच्यावर ढकलायला ‘होय’ हा एकच शब्द पुरला असता. धनराजच्या जिभेवर तो आलाही, आणि तो आला याचीच त्याला पुसलेल्या डिस्कांहून अधिक भीती वाटली.

“बाहेर न्यायला मी लावलं. चिठ्ठ्या माझ्या, आणि बटणं मी दाबली. तू इथून जा.”

गोटीराम गेला नाही. चहा खाली ठेवून तो भिंतीशी टेकून उभा राहिला. खालच्या मजल्यावर जाताना धनराजच्या मागे पायऱ्यांवर त्याच्या चपला वाजत होत्या.

स्त्रियांच्या वॉर्डात साळूबाई खाटेवर बसून शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होती. धनराजला पाहताच तिने हाक मारली.

“काय रं धना, कोजागिरीचं दूध बाधलं का? तोंड पार उतरलंय तुझं.” मग शेजारणीला म्हणाली, “ह्यो माझा भाचा. माझा फोटू ह्याच्याच ताब्यात हाय. माझ्याकडं असता तर मी कवाच उंदराला खाऊ घातला असता.”

शेजारीण हसली. धनराज पुढे गेला.

ललिताबाई टेबलाशी औषधांचे कागद लिहीत होत्या. त्याने सारे क्रमाने सांगितले. कारणे दिली नाहीत, आणि ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. बाईंनी पेन खाली ठेवले. रागावतील, अशी त्याची अपेक्षा होती. रागावल्या असत्या तर उत्तर तरी देता आले असते.

“साळूबाईंचा?” त्यांनी विचारले.

“त्यातच.”

“महिनाभर थांबून पाहावं, तर डाग वाढत असेल तेव्हा तो महिना आपण घालवला असं होईल.” त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. कालचा फोटो त्यांनी संगणकावर पुन्हा उघडला, बराच वेळ पाहिला, मिटला. मग उठून खाटेकडे निघाल्या. धनराजला तिथेच थांबायचे होते, पण पाय त्यांच्या मागे गेले.

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. साळूबाईने हसत पाय आवरून जागा करून दिली, आणि बाईंनी तिचा हात हातात घेताच तिचे हसू हळूहळू गेले.

“मावशी, तुमचा जुना फोटो आमच्याकडून गेला,” ललिताबाई म्हणाल्या. “आता नुसतं पाहून मला काही सांगता येणार नाही. उद्या सकाळी छातीत सुई घालून तुकडा काढावा लागेल.”