एकाच दिशेला कललेले जंतू

सुवर्णाबाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा डॉ. सुनेत्रा आधीच धुमसत होती.

जयपूरला तिलकनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात जंतुशास्त्राचा विभाग ती सांभाळत होती. क्षयाच्या तपासणीत बेडक्याची स्लाइड खास रंगवून अंधाऱ्या खोलीतल्या मायक्रोस्कोपखाली पाहायची, म्हणजे क्षयाचे जंतू बारीक हिरवट-पिवळ्या काड्यांसारखे चमकतात. पण ती चमक इतकी मंद, की डोळ्यांना शीण येतो आणि साध्या कॅमेऱ्यात काही म्हणता काही उमटत नाही. त्यावर उपाय म्हणून एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राही, सॉफ्टवेअर ते तिथल्या तिथे एकमेकांवर जुळवून रचत राही आणि बघता बघता काळ्या पडद्यावर चित्र उजळत जाई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुनेत्रालाही ते मनापासून आवडलं होतं.

ते पारखायचं काम रुग्णालयाचे संचालक डॉ. चंद्रकांत यांनी तिच्यावर सोपवलं, आणि सोपवतानाच निकालही सांगून टाकला. सॉफ्टवेअर बनवणारा अभिषेक सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटी कंपनी चालवत होता. त्याचे वडील आणि चंद्रकांत महाराष्ट्र मंडळातले जुने स्नेही. आपल्यातलाच मुलगा आहे, सांभाळून घ्या, असं ते म्हणाले होते. सॉफ्टवेअरच्या उद्घाटनाचे पाहुणेही ठरले होते. त्या सकाळी तर कहरच झाला. पारख अर्धीही झालेली नसताना त्यांनी तिचा अभिप्राय स्वतःच लिहून पाठवला. खाली फक्त तिची सही हवी होती.

सुवर्णाबाई अकोल्याकडच्या. नवरा शेषराव रेल्वेत, बदली होऊन इकडे आलेला. त्यांची मुलगी प्रियंका सीतापुऱ्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवलेला माल तपासायची. खोकला हटेना म्हणून तिला इथे दाखवलं, आणि क्षयाचा रिपोर्ट आला. गोळ्या सुरू झाल्या. कारखान्यात बातमी फुटली, तशी बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना, आणि शेवटी साहेबांनी घरीच राहायला सांगितलं. हे सगळं सुवर्णाबाईंनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. त्यांची एकच विनंती होती.

"मॅडम, गोळ्यांनी पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही. आजार असन तर भोगू आम्ही. पण एक डाव पुन्हा पाहून घ्या ना."

सुनेत्राने नाव विचारलं आणि ती चपापली. ती स्लाइड तिने स्वतः पाहिली होती. तिला एकही जंतू दिसला नव्हता आणि तसंच तिने लिहिलं होतं. मग हा रिपोर्ट आला कुठून?

चौकशी केली तेव्हा कळलं. चाचणीत सॉफ्टवेअर जे दाखवेल ते थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवा, असा चंद्रकांतांनी परस्पर हुकूम दिला होता. उद्घाटनाच्या भाषणात सांगायला यंत्राने पकडलेले रुग्ण हवे होते. जिथे तिचं निदान आणि यंत्राचं निदान जुळलं नाही, तिथे यंत्राचं ग्राह्य धरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण लगेच शंकाही आली. आपल्याच नजरेतून सुटलं असेल तर? सुवर्णाबाईंना बाहेर बसवून तिने ती स्लाइड काढली आणि अंधाऱ्या खोलीत शिरली. डोळ्यांनी पाहिलं, तर काही नाही. कॅमेरा लावला, आणि थोड्याच वेळात पडद्यावर बारीक काड्या उगवू लागल्या. चांगल्या ठसठशीत.

ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या होत्या. जंतू असे कवायतीला उभे राहिल्यासारखे राहत नाहीत, कसेही विखुरलेले असतात. तिने स्लाइड काटकोनात फिरवली आणि पुन्हा चित्र रचू दिलं. स्लाइडवरच्या पेशी फिरल्या. काड्या मात्र होत्या तशाच, त्याच बाजूला कललेल्या. त्या स्लाइडवर नव्हत्याच. त्या कॅमेऱ्यातून आल्या होत्या.

तिने अभिषेकला बोलावून घेतलं. तो स्कूटरवरून धापा टाकत आला, पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. जयपूरलाच वाढलेला मुलगा, मराठी अडखळत बोलायचा.

"मॅडम, मतलब, कॅमेऱ्याचे काही ठिपके खराब असतात. ते अंधारातही चमकतात. इकडे स्लाइड हळूहळू सरकते, सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो सरकवून तिला जागेवर आणतं. मग तो ठिपका प्रत्येक फोटोत थोडा थोडा खिसकतो. सगळे फोटो एकावर एक ठेवले, की ठिपक्याची लाइन बनते."

"हे तुला आधी माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. ते ठिपके आधीच पुसून टाकायचा भाग अजून बनायचा होता, असं त्याने चंद्रकांत सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, उद्घाटनानंतर बघू.

"आणि मला का नाही सांगितलंस? पारखायला मी बसले होते."

त्याला वाटलं होतं, सर सांगतील. सुनेत्राने त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि जिना चढून चंद्रकांतांच्या खोलीत गेली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. नव्या गोष्टीत असं व्हायचंच, म्हणाले. मुलीच्या गोळ्या थांबवू, नवा रिपोर्ट देऊ, पण गाजावाजा नको. शेवटी इथे परमुलखात आपणच आपल्याला धरून राहायचं असतं. बोलता बोलता त्यांना ढास लागली. चार दिवस त्यांचा घसा धरला होता.

"तुम्हालाही खोकला आहे," सुनेत्रा म्हणाली. "चला खाली. तुमची स्लाइड त्याच कॅमेऱ्याखाली लावते. जे दिसेल त्यावर आजच गोळ्या सुरू करू."

ते हसले. ती हसली नाही.

"विश्वास असेल तर उठा, सर."

ते उठले नाहीत. समोरचे कागद सारखे करत राहिले.

"शेषराव रेल्वेवाले तुमच्या मंडळात येत नाहीत," ती म्हणाली, "म्हणून ते आपल्यातले नाहीत का?" उत्तराची वाट न पाहता ती निघाली. चहा तसाच राहिला.

त्या दुपारी तिने चाचणीतल्या सगळ्या स्लाइड पुन्हा डोळ्यांखालून घातल्या. बाहेर बसलेल्या सुवर्णाबाईंना सगळं सांगून प्रियंकाच्या गोळ्या थांबवल्या, आणखी एका रुग्णाच्याही थांबवायला लावल्या. प्रियंकाचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथेही क्षय निघाला नाही. अभिप्राय तिने आपल्या शब्दांत लिहिला. रुग्णाचं निदान या सॉफ्टवेअरवर करू नये, आणि केलं ते चुकलं, असं स्पष्ट नमूद केलं आणि विश्वस्तांकडे थेट पाठवून दिला. उद्घाटन तांत्रिक कारणाने पुढे गेलं. चंद्रकांत खुर्चीवर राहिले.

दुसऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट हाती घेऊन ती शेषराव, सुवर्णाबाई आणि प्रियंकाबरोबर कारखान्यात गेली. मॅनेजरने ऐकून घेतलं, खेद व्यक्त केला, पण प्रियंकाच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. पॅकिंगमध्ये जागा आहे, म्हणाला. प्रियंका नको म्हणाली. ज्या मैत्रिणींबरोबर रोज डबा खाल्ला, त्यांनी तिचं पाणी प्यायचं भांडं वेगळं ठेवलं होतं. आता तिला त्यांच्यात बसायचं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर सुनेत्राने तिची माफी मागितली. आपण तो रिपोर्ट दिला नव्हता, हेही सांगून बसली.

"माहीत आहे मॅडम, आईने सांगितलं," प्रियंका म्हणाली. "पण वर नाव तर तुमच्या हॉस्पिटलचंच होतं ना."



प्रियंकाचा खोकला कापडाच्या तुसाचा निघाला. घरी बसल्यावर महिन्याभरात तो आपोआप गेला. पुढे तिला जयपूरजवळच्या चाकसू गावात एका शाळेच्या कार्यालयात काम मिळालं. अभिषेकने ठिपके पुसणारा भाग बनवून आणला. सुनेत्राने तो पुन्हा पारखायला घेतला, मात्र प्रत्येक स्लाइड आधी अभिषेकला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावून. तो निमूटपणे पाहायचा. वाईट वागला नव्हता, गप्प राहिला होता. तिने त्याला क्षमा केली नव्हती, काम शिकवत होती.

चंद्रकांतांनी फोनवर मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण पाठवलं. खाली लिहिलं होतं, राग सोडा आता. ते वाचताना तिचे कान पुन्हा तापले. तिने फोन पालथा ठेवला आणि पुढची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली.