डोंगराच्या या बाजूचा पाऊस

"काढा, पण आधी मला विचारा," मी म्हणाले. "डबा सरकारचा असेल, अंगण माझं आहे."

डबा काढून न्यायला राजधानीतून, मोरोनीहून आलेला साहेब थबकला. हे घर मला आईने दिलं. इबुरोई माझ्याशी लग्न करून इथे राहायला आला आणि त्याच्या मागोमाग पाऊस मोजायचा हा डबा आला. सत्तावीस वर्षं तो रोज सकाळी सातला डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून आकडा लिहायचा, अंगात ताप असला तरी. बहुतेक वेळा शून्यच. शेजारची एशाता टोमणा मारायची, "भावोजी, एकदा तरी हात सैल सोडा. तुम्ही लिहीत नाही म्हणून पडत नाही."

पण त्या शून्यांवरच गावात टँकर यायचा. आमच्या काळ्या दगडावर ना नदी, ना झरा. छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच पाणी.

"काका, आता पश्चिमेला यंत्र बसवलंय," साहेब म्हणाला. "ते अख्ख्या बेटाचा पाऊस सांगतं. यंदा भरपूर झालाय. टँकर बंद."

"मध्ये डोंगर आहे, साहेब," इबुरोई हळूच म्हणाला. "ढग तिकडेच रिकामे होतात."

"सरासरी काढलीय ना."

माझं डोकं फिरलं. टाकीच्या तळाचं गढूळ पाणी आणून मी काचेच्या नळीत ओतलं आणि साहेबापुढे धरलं. "हे माझं आजचं प्यायचं पाणी. तहान लागली असेल तर घ्या. मी सरासरी पिईन."

त्याने नळीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नळीसुद्धा जमा करावी लागेल," म्हणाला.

एक थेंब न सांडता मी पाणी परत भांड्यात ओतलं आणि नळी त्याच्या हातात दिली. इबुरोईला प्रशस्तिपत्र मिळालं. ते काखेत धरून तो साहेबाला गाडीपर्यंत पोचवायला गेला, तेव्हा मला त्याचाही संताप आला. गाडी गेल्यावर, डब्याचा खांब उपटून नेला होता त्या खड्ड्यात मी भाताचं पातेलं बसवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सातला तो वही घेऊन बाहेर आला. पातेल्यापाशी जरा थांबला. वाकून आत बोट फिरवलं, बोट कोरडंच. मग तारीख घालून त्याने नेहमीच्या सुबक अक्षरात शून्य लिहिलं.

"पाठवणार कुणाला?" मी विचारलं.

त्याने वही माझ्यापुढे धरली.

"सही कर," म्हणाला. "अंगण तुझं आहे."


मी सही केली.