फळ्यावरचे चाळिसावे गीत

सीताबर्डीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती देवळात गीतांचे क्रमांक फळ्यावर लावण्याचे काम माझ्याकडे होते. जुन्या गीतपुस्तकात ते क्रमांक रोमन अक्षरांत छापलेले असत, म्हणून मीही लाकडाची तशीच अक्षरे खिळ्यांवर टांगत असे. १९१२ च्या हिवाळ्यात एस्तेरला ती वाचायला मीच शिकवले. दहाचे अक्षर पन्नासाच्या आधी आले तर चाळीस, नंतर आले तर साठ. शिकताना तिने अक्षरांकडेच पाहिले, माझ्याकडे कधी नाही. देवळातला गायक शमुवेल गाऊ लागला की मात्र तिची नजर त्याच्यावरून हलत नसे.

पुढच्या वर्षी नाताळाआधीच्या रविवारी शमुवेल एकटा चाळिसावे गीत गाणार होता.

"अक्षरं नीट लाव गा," तो हसत म्हणाला. "एस्तेरले मागून दिसलं पाहिजे. तुले गाता येत नाही, तेवढं तरी कर."

मी पन्नासाचे अक्षर आधी टांगले आणि दहाचे नंतर.

तो गाऊ लागला तेव्हा सर्वांच्या हाती साठावे गीत उघडे होते. पानांची सळसळ झाली, कुजबुज वाढली आणि त्याचा सूर अडखळला. तेवढ्यात बायांच्या बाकावरून एस्तेर शांतपणे म्हणाली, "चाळिसावं काढा." मग पुस्तक मिटून ती त्याच्याबरोबर गाऊ लागली. तिला ते सारे पाठ होते.

गीत संपल्यावर तिने फळ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. ज्या नजरेची मी वर्षभर वाट पाहिली होती, ती आली तेव्हा मी मान खाली घातली.