घुंगरांना बांधलेल्या चिंध्या

झुंबरबाईंचे पाय दोन वर्षांमागंच गेले, पण कीर्तन सुटलं नव्हतं. देऊळ घरासमोरच, रस्त्यापलीकडं. सोप्यात पडल्या पडल्या बुवांचा शब्दन्‌शब्द कानी यायचा.

यंदा सप्ताह नेमका गुऱ्हाळांच्या हंगामात आला. महाराजांनी नव्यानं वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजाराला निघालेल्या गुळाच्या गाड्या दिवेलागणीला देवळासमोरूनच जायच्या. घुंगरांचा गलबला, रस्त्यातल्या मोरीवरच्या दगडी फरशीवर चाकांचा खडखडाट. बुवा कुरकुरले, तसा पेठेतल्या पंचांनी हुकूम सोडला: घुंगरमाळांना चिंध्या बांधा आणि गाडी एकेक करून सोडा.

आवाज कमी झाला खरा, त्रास वाढला. बुवा नामाचा महिमा सांगत अगदी हळू सुरावर आले, सारं देऊळ कान देऊन बसलं, की बाहेर फरशीवर धाड! मग शांतता. मग पुन्हा धाड! आपण कीर्तन ऐकतच नाही, पुढची गाडी कधी आदळते तेवढंच ऐकतोय, हे झुंबरबाईंच्या ध्यानात आलं.

पूर्वरंग संपला. बुक्का लावून घेताना बुवा तडकले, "उद्यापासून नदीकाठच्या देवळात! इथं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

तिथवर झुंबरबाईंना रोज कोण उचलून नेणार? फरशीअलीकडं शमशुद्दीन गाडीवान पाळीची वाट बघत होता, मागं गाड्यांची रांग. त्यांनी सोप्यातूनच हाक मारली.

"शमशुद्दीन, सोड त्या चिंध्या. आन् समद्या गाड्या एकदमच काढा."

"आक्का, पंच फोडून काढतील की मला!"

"माझं नाव सांग. माझं काय मोडणार? पाय तर आधीच गेल्यात."

"जीभ शाबूत हाय न्हवं, मग झालं," म्हणत त्यानं चिंध्या सोडल्या.

द्रौपदीच्या आख्यानाला तोंड लागलं आणि गाड्यांची माळच्या माळ हलली. घुंगरं, चाकं, बैलांचे उसासे, सगळं एकात एक मिसळून वाहू लागलं. पंच तरातरा उठले. बुवांनी मात्र हातानंच त्यांना बसवलं. मृदंगवाल्यानं घुंगरांची चाल धरली होती.

"ऐका मंडळी," बुवा गरजले, "बहिणीची हाक पोचली! निघाला रथ द्वारकेहून!"

शेवटची गाडी कधी गेली, झुंबरबाईंना कळलंच नाही. डोळे पुसले तेव्हा आरती चालली होती.

प्रसाद घेऊन बुवा स्वतः रस्ता ओलांडून आले. "हे तुमचं काम व्हय?"

"व्हय. चुकलं का, बुवा?"

"उद्याचं कीर्तन इथंच," बुवा म्हणाले. "गजेंद्राची कथा आहे. शमशुद्दीनला म्हणावं, त्यातही देवाला धावत यायचंय."