मुदखेडचा बस्ता

“दिवसभर उभं राहावं लागतंय मामा इथं. जमंल ना?” सत्यमने विचारलं.

“जमंल की साहेब. न जमायला काय झालं?” केरबा म्हणाला.

सत्यम नांदेडच्या त्या नव्या साडी शोरूमचा मॅनेजर, केरबाच्या पोरीहून फार तर चार वर्षांनी मोठा. केरबाची उभी हयात मात्र लातूरच्या एका दुकानात बसून गेली होती. पांढऱ्या गादीवर मांडी घालायची, समोर गिऱ्हाईकही बसलेलं, मध्ये साड्यांचा ढीग. शेठजी गेले, मुलांनी दुकान मोडून जागा क्लासवाल्यांना दिली आणि पन्नाशी ओलांडलेला केरबा रस्त्यावर आला. लातुरात त्याला कुणी दारात उभं करेना. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, घरात दुसरी कमाई नाही. इथलं कामही हातचं गेलं तर, या भीतीने त्याला एसटीत घोटभर पाणीसुद्धा गेलं नव्हतं. त्यात गुडघे. गुडघ्यांचं सत्यमला कळलं की खेळ खलास.

“बघू मग. मुदखेडचा बस्ता आलाय, दाखवा तुमचा हात.”

लग्नाच्या कपड्यांची खरेदी. नवऱ्याकडच्या आणि नवरीकडच्या बायका एकत्र आलेल्या, काचेच्या काउंटरपुढे अवघडून उभ्या. केरबाने पहिला शालू हातात घेतला आणि बोलण्याच्या नादात काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चपला काढून, काउंटरबाहेर येऊन त्याने गालिच्यावर सरळ मांडी ठोकली.

“बसा माय. बस्ता काय उभ्यानं होतो का?”

बायका हुश्श करून बसल्या. नवरीची आजी साखराबाई तर पाय पसरून बसली.

बसल्यावर केरबाच्या ध्यानात आलं, आता उठायचं कसं? लातूरला तो कपाटाची कड धरून उठायचा. इथे धरायला काहीच नव्हतं, आणि सत्यम समोर उभा राहून बघत होता.

मग गडी उठायचं टाळतच राहिला. शालू झाला, करवलीची झाली, आहेराच्या झाल्या. “अजून एक बघा की. घेऊ नका, नुस्ती बघा.” पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, बायका हसायच्या आणि आणखी एक घ्यायच्या. काय हाडाचा सेल्समन आहे, असं कुणालाही वाटलं असतं.

“बास रं बाबा, गाडी जाईल आमची,” कुणीतरी म्हणालं. बायका उठल्या. केरबा घडी केलेल्या साडीचीच पुन्हा घडी करत बसला. उठली नव्हती ती फक्त साखराबाई. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“तुझे बी गेले का रं गुडघे?”

सगळ्या दुकानाने ऐकलं. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझे बी गेलेत. धर हात,” ती म्हणाली. नात मागून रेटत होती, आणि ही दोघं एकमेकांना ओढत कशीबशी उभी राहिली.

बिल झाल्यावर सत्यम जवळ आला. पोरगा वाईट नव्हता, आवाज खाली आणून बोलला. “मामा, हात लई चांगला हाय तुमचा. पण इथं बसून न्हाई चालत. मालक कॅमेऱ्यात बघतेत. कळवतो तुम्हाला.”

‘कळवतो’ म्हणजे काय, हे केरबाला आता पाठ झालं होतं. “बरं साहेब,” म्हणून त्याने पिशवी उचलली. घरी पोरीला काय सांगायचं, ते जुळवत तो दाराकडे निघाला.

दाराशी साखराबाई थांबली होती. “धाकट्या नातवाचं बी जमलंय. तुळशीचं लगीन झालं की त्याचा बस्ता. तुझ्याकडंच येतो बघ. असतोस न्हवं रोज?”

सत्यम मोबाईलमध्ये बघू लागला.

“असतो की माय,” केरबा म्हणाला. “या तुम्ही.”

आणि त्याने काचेचं दार उघडून, सगळ्या बायका पिशव्या सावरत बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.