चरबी प्यायलेली परात

मी एक जुनी, काळी पडलेली पत्र्याची परात आहे. मित्रांनो, परात म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कणीक मळायची चकचकीत परात येईल. मी तशी नाही. मी भट्टीत जाणारी परात. सारा जन्म विस्तवात आत-बाहेर करण्यात गेला, आणि आता अंगणात स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीलगत पडले आहे. सकाळी माझ्यात लसूणघास टाकतात आणि गिनीपिग येऊन तो कुरतडतात. याबद्दल माझी तक्रार नाही. जे घडलं त्यात माझा हात नव्हता, पण अंग नक्कीच होतं.

आमच्या डोंगराळ सिकुआनी गावच्या बाजारात मासेदोनियो नावाचा एक म्हातारा पत्रेवाला बसायचा. रॉकेलच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून, हातोडीने ठोकून ठोकून त्याने मला घडवलं. त्याचं ठोकणं इतकं मन लावून असायचं की शेजारच्या लोकरवाल्या बायका कानात बोटं घालून त्याला शिव्या द्यायच्या. तिथून मला इरेने नावाच्या नव्या नवरीने निवडलं. तिने बोटांच्या पेरांनी मला टकटक वाजवून पाहिलं, आवाज पसंत पडला आणि शालीत गुंडाळून ती मला घरी घेऊन आली.

पहिल्याच दिवशी तिने मला डुकराची चरबी चोळली. भट्टीत तापवली, पुन्हा चोळली, पुन्हा तापवली. "परातीला उपाशीपोटी भट्टीत घालायचं नाही," असं ती नवऱ्याला, साटुर्निनोला, सांगायची. फळीवर चरबीचा एक निळा डबा असायचा. काहीही भाजायचं झालं की आधी अंगठा त्या डब्यात आणि मग माझ्या अंगावर. चरबी पिऊन पिऊन मी काळी, तुकतुकीत झाले. माझ्यावर काही म्हणून चिकटत नसे. मृतांच्या सणाला बाळाच्या आकाराचे पाव भाजायला अख्खी गल्ली मला मागून न्यायची. साटुर्निनोची थोरली बहीण पास्कुआला शेजारीच राहायची. ती तोंडाची फटकळ, पण माझ्याबाबतीत मात्र म्हणायची, "इरेने, ही परात म्हणजे तुझ्या नवऱ्यापेक्षा कामाची." मी फुगून जायचे. आता वाटतं, इतकं फुगायला नको होतं.

मुलगी नेलिदा पाच वर्षांची असताना इरेने तापाने गेली. साटुर्निनो लोकरीच्या गिरणीत कामाला होता. त्याला चहादेखील धड करता येत नव्हता. पण बायकोच्या हाताकडे वर्षानुवर्षं बघत आल्यामुळे त्याचे हात आपोआप तिच्यासारखे चालू लागले. अंगठा डब्यात, मग माझ्यावर. ते करताना तो दुसऱ्याच विचारात असायचा. गिरणीच्या कामाने तळहात फुटायचे, त्यांनाही तो त्याच डब्यातली चरबी लावायचा. त्यामुळे नेलिदाला वाटायचं की निळा डबा म्हणजे बाबांचं हाताचं मलम.

आमच्याकडे गिनीपिग स्वयंपाकघरातच असतात. चुलीमागच्या उबेत राहतात, सालपटं खातात, सणावारी ताटात येतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. नेलिदाने त्यातल्या एका पांढऱ्या, तपकिरी कानाच्या पिल्लाचं नाव ठेवलं होतं मिश्की. आईविना पोर, दिवसभर त्याच्याशीच बोलायची. आपल्या वाटचा कोवळा मका त्याला भरवायची. साहजिकच सगळ्यांत गुबगुबीत तेच झालं.

तिचा नववा वाढदिवस आला. ज्याचा वाढदिवस त्याच्या ताटात अख्खा गिनीपिग वाढायचा, आणि तोही घरातला सगळ्यांत चांगला, हा आमचा मान. साटुर्निनोने लेकीसाठी सगळ्यांत चांगला निवडला. लेकीने जनावराला ठेवलेल्या नावाकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. आणि भाजला तो माझ्यावर. त्या दिवशी माझी किती स्तुती झाली! कातडी कशी कुरकुरीत, रंग कसा सोनेरी.

नेलिदा शाळेतून नाचत आली. ताटाकडे पाहिलं. आमच्याकडे डोक्यासकट वाढतात. ती उठली, चुलीमागे वाकून बघून आली.

"बाबा, मिश्की कुठाय?"

"अगं, तुझाच वाढदिवस ना? मग तुझ्यासाठीच तर! सगळ्यांत जाडजूड होता."

"मिश्की होता तो."

"हो, तोच. माझ्या लक्षात नाही आलं पोरी, की तू इतकं मनाला लावून घेशील."

ती रडली नाही. तिने बाजूचा उकडलेला बटाटा उचलला, तेवढाच खाल्ला आणि ताट सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशी अंडं नको म्हणाली, तिसऱ्या दिवशी दूध नको, चीज नको. "मला कोणाचं काहीच नको," एवढंच म्हणायची. पास्कुआला आत्याने डोक्याला हात लावला. "लाडावून ठेवलीयस तिला. तीन दिवस उपाशी ठेव, चौथ्या दिवशी हाडंसुद्धा चघळेल." साटुर्निनोने ते ऐकलं नाही. मात्र त्यालाही वाटत होतं की आठवड्याभरात ही विसरेल.

आठवडा गेला, महिना गेला. पोरीचे गाल बसले. गिरणीतून संध्याकाळी सहाला दमून आलेल्या माणसाने रोज वेगळं काय रांधायचं? एके दिवशी त्याने चार मोठे, पिठूळ बटाटे धुतले, काट्याने टोचले, मीठ चोळलं आणि माझ्यावर ठेवून भट्टीत सरकवले. बूट काढून, हातपाय धुऊन, सारणाची तयारी करेपर्यंत ते भाजून झाले. मग त्याने ते मधोमध चिरले, चमच्याने आतला गर काढला. सालीला बोटभर जाडी ठेवायची, नाहीतर वाटी फाटते, हे तो पहिल्याच दिवशी शिकला, कारण दोन फाटल्या. तेलावर परतलेला कांदा, पाट्यावर वाटलेली पिवळी मिरची, शिजवलेले वालासारखे मोठे दाणे आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट हे सगळं गरात कालवलं. पुन्हा सालीत भरलं, वरून हात दाबला आणि पुन्हा भट्टीत. वरचा थर तांबूस झाला की झालं.

नेलिदाने घास घेण्याआधी विचारलं, "बाबा, यात कोणाचं काही नाही ना?"

"कोणाचं काही नाही."

तिने दोन बटाटे खाल्ले. तिसऱ्याची साल खाल्ली. साटुर्निनो पाठ फिरवून उगाच भट्टीतली राख सारखी करत बसला.

त्यानंतर आठवड्यातून चार-चार दिवस तोच बेत. ती अंगणातल्या नळावर बटाटे धुवायची, पाट्यावर मिरची वाटायची, तिखट उडालं की दोघंही शिंकायची. तो परात तयार करायचा. घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं. "बाबा, तुमच्या बटाट्याची साल कशी हो इतकी कुरकुरीत होते?" "हाताची जादू," असं तो मिशीत हसून म्हणायचा. आणि रोज, न चुकता, पहिल्या घासाआधी तिचा तोच प्रश्न आणि त्याचं तेच उत्तर.

मित्रांनो, जादू हाताची नव्हती, निळ्या डब्याची होती. बटाटे ठेवण्याआधी त्याचा अंगठा सवयीने डब्यात जायचा आणि माझ्यावर फिरायचा. तो खोटं बोलत नव्हता. सारणात काय काय पडलं याचा तो मनापासून विचार करायचा, पण अंगठा काय करतोय हे त्याला कधी दिसलंच नाही. मला मात्र माहीत होतं. नऊ वर्षं रोज ती विचारायची आणि मी खाली गप्प पडून असायचे. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. असं आता म्हणते खरी. तेव्हा मला माझ्या कुरकुरीत सालींचं कौतुक ऐकायला आवडत होतं, हेही कबूल करते.

अठराव्या वर्षी नेलिदा शिकायला अरेकिपा शहरात गेली. पुढच्या सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, आज बाबा दमून येतील, बटाटे मी करते. पास्कुआला आत्या दाराशी स्टुलावर दाणे सोलत बसली होती. नेलिदाने तेलाची बाटली उचलली.

"तेल कशाला गं?" आत्या म्हणाली. "चिकटतील की. तो निळा डबा घे. तुझा बाप तोच लावतो."

"ते बाबांच्या हाताचं मलम आहे, आत्या."

आत्या इतकी हसली की मांडीवरचे दाणे सांडले. "मलम? अगं, डुकराची चरबी आहे ती! नऊ वर्षं खातेयस की बोटं चाटून!"

हसता हसता आत्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ती खाली वाकून दाणे वेचू लागली.

साटुर्निनो आला तेव्हा भट्टी थंडच होती. नेलिदा मला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, परातीला काय लावता तुम्ही?"

"काय म्हणजे? तुझी आई लावायची तेच."

"म्हणजे चरबी."

"हो, मग?" त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "परातीला लावतो, बटाट्यात थोडीच घालतो? आणि चरबी म्हणजे काही मांस नव्हे."

"मी रोज विचारत होते, बाबा."

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "माझ्या लक्षातच नाही आलं गं, पोरी."

"मिश्कीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

ती दुसऱ्या दिवशीच्या बसने गेली. पुढे दोन वर्षं आली नाही. पत्रं यायची, त्यात हवापाण्याच्या गोष्टी असायच्या.

साटुर्निनोने मला घासलं. राखेने घासलं, वाळूने घासलं, विटेच्या तुकड्याने घासलं. उपडी घालून निखाऱ्यांवर तापवलं. माझी तुकतुकी गेली, पत्रा पांढुरका झाला, पण तापले की वास यायचाच. पंचवीस वर्षं प्यायलेली चरबी अशी निघत नसते. शेवटी त्याने नवी परात आणली, निळा डबा आत्याच्या घरी देऊन टाकला आणि मला अंगणात ठेवलं. घरातले गिनीपिग खायचे तर त्याने केव्हाच सोडले होते. आता ते अंगणात म्हातारे होतात आणि माझ्यातून जेवतात.

गेल्या महिन्यात नेलिदा आली. कामाच्या दिवसाची संध्याकाळ होती. साटुर्निनोने नव्या परातीला तेल लावलं, ते पुसलं, पुन्हा लावलं. बटाटे धुतले, टोचले, भाजले, भरले. साली थोड्या चिकटल्या, एक फाटली. दाराशी पडल्या पडल्या मी सगळं पाहत होते. त्याने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि तो समोर उभाच राहिला. हात पुसत, वाट बघत. आज त्याच्याकडे खरं उत्तर होतं.

नेलिदाने घास घेतला. "छान झालंय," म्हणाली.

तिने काही विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, "पोरी, यात कोणाचं काही नाही हं."

"हो, बाबा," ती म्हणाली. लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या पराती असतील, त्यांना घासा, पुसा, गंज चढू देऊ नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्यावर विश्वास टाकून कोणी काही विचारलं, तर तोंड उघडण्याआधी एकदा आपला हात काय करतोय ते पाहा. रोज विचारणारं माणूस घरात असणं हे केवढं भाग्य, ते मला या अंगणात आल्यावर कळलं. जेवण झाल्यावर नेलिदा बाहेर आली, बटाट्याची फाटलेली साल तिने माझ्यात टाकली आणि गिनीपिगांना हाक मारून ती आत निघून गेली.